नुसती झुडपे

खाडीकाठी उगवणारे मोरस हे झुडूप कांदळवन नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे विधान चोख आहे. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत खाडीकाठी भराव टाकणाऱ्यांनाही नेमके तेच हवे असते. इथे तिवर कुठे आहे? नुसती झुडपे तर आहेत!

शास्त्रज्ञांनी मात्र या झुडपाची पुन्हा पुन्हा दखल घेतली आहे. मोरस पूर्वी चाकवत, पालक, बीट यांच्या कुळात होते. आनुवंशिक पुराव्यांवर आधारलेल्या 1998 च्या वर्गीकरणाने ते अख्खे कूळ माठ-राजगिऱ्याच्या कुळात विलीन केले. सगळ्यांना ते अजून मान्य नाही. वाद चालू आहे. खाडीकाठच्या घरांत या वादाआधीपासून मोरसाची भाजी होते. पाला उकडून खारट पाणी ओतून द्यायचे, वर मीठ घालायचे नाही. वाद काहीही असो, मोरसाला ‘नुसते झुडूप’ म्हणून कोणी निकालात काढलेले नाही. ते काम भरावाच्या पंचनाम्यात होते.

मोरस वाढते कुठे, हे पाहिले की ‘नुसती झुडपे’ म्हणण्यातली सोय कळते. तिवर-चिपी ही कांदळवनाची झाडे भरतीच्या पाण्यात उभी असतात. मोरस बहुधा त्यांच्या मागे, जमिनीच्या बाजूला, उधाणाचेच पाणी पोहोचते तिथे पसरते. रस्त्यावरून आलेल्या डंपरला आधी तेच लागते. राडारोडा त्याच्यावर पडतो, पाण्याची वाट बुजते आणि पलीकडचे तिवर उभ्या उभ्या वाळते. मग तिथेही कांदळवन उरत नाही. तोडले म्हणावे, तर कुऱ्हाड कोणीच लावलेली नसते.

कायद्यात ही पळवाट नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) सर्वाधिक संरक्षित वर्गात कांदळवनाबरोबर खाऱ्या दलदलीचेही नाव आहे. मोरस ही तिथलीच वनस्पती. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितला आहे. त्या पट्ट्यात काय उगवले आहे, हा प्रश्नच येत नाही. मोरस असो, गवत असो, की उघडा चिखल. राज्याने 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला, ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर पाणथळ स्थळ झाली. मोरसाला मान नको. पंचनाम्यात ‘झुडपे’ लिहिणाऱ्याने आधी टेप काढावी, जवळच्या तिवरापासूनचे अंतर मोजावे आणि तो आकडा शेजारी लिहावा.