हात आपले, वही कुणाची?



‘मुलींना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून’ अशा शब्दांनी सुरू होणारं निमंत्रण आलं की मी हल्ली सावध होते. गेल्या वर्षी अशाच एका शिबिराला आमच्या वस्तीतल्या अकरा मुलींना घेऊन गेले होते. मुलींच्या खोलीत शुभेच्छापत्रं मांडली होती. जाड कागद, चिकटवायची तांब्याची पट्टी, एक एलईडी, एक बटण सेल. फुलाच्या मधोमध दिवा लावायचा, भोवती नक्षी काढायची, झालं. बाजूच्या खोलीत मुलगे गाडीला मोटर जोडत होते. ही वाटणी कुणी केली, असं मी विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, मुलींना सजावट आवडते. आणि हे सोपंही आहे.” दिवा लागला की टाळ्या. तो उलटा लावला तर का लागत नाही, हे कुणी विचारलं नाही. निघताना सेल मात्र मोजून परत घेतले.

माझं भांडण कागदाशी नाही, सजावटीशीही नाही. भांडण आहे ते ‘सोपं’ या शब्दाशी.

हा कागद आला कुठून, ते आधी पाहू. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लिआ ब्यूकली या संशोधिकेनं इलेक्ट्रॉनिक्सचे भाग कापडावर दोऱ्यानं शिवता येतील असे घडवले. 2007 पासून ते ‘लिलीपॅड’ नावानं विकले जाऊ लागले. 2010 साली तिनं आणि बेंजामिन माको हिल यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या आर्डुइनो बोर्डावर काही करून लोकांपुढे मांडणाऱ्यांत बाया जवळजवळ नव्हत्याच, आणि लिलीपॅडवरच्या कामांत त्याच बहुसंख्य होत्या. दोन्हींतला इलेक्ट्रॉनिक मेंदू एकाच जातीचा. म्हणजे विज्ञान सोपं केलेलं नव्हतं, सामान बदललेलं होतं. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या ब्यूकलीच्या गटातल्या जिए ची हिनं पुढे हे काम कागदावर नेलं. तिनं अँड्र्यू हुआंग यांच्याबरोबर सर्किटचे स्टिकर काढले आणि त्यांच्या जोडीला एक वहीही. तिच्या पानावरच जोडणी करायची आणि त्याच पानावर लिहायचं, रेखाटायचं. आपल्याकडे येता येता यातली वही गळाली आणि फूल तेवढं उरलं.

वही गळाली, हे मला साधं वाटत नाही. बायकांच्या हातांना इलेक्ट्रॉनिक्स काही नवं नाही. अमेरिकेत शिप्रॉक इथे 1965 ते 1975 या काळात फेअरचाइल्ड कंपनी नावाहो आदिवासी स्त्रियांकडून इंटिग्रेटेड सर्किट जुळवून घेत होती. 1969 च्या माहितीपत्रकात कंपनीनं त्यांच्या विणकामाची आणि चिपवरच्या नक्षीची शेजारी शेजारी तुलना छापली. गालिचा विणणारे हात म्हणे याला आपोआप लायक! मुंबईत अंधेरीला 1973 मध्ये ‘सीप्झ’ सुरू झालं, तेव्हा तिथल्या जोडणीच्या बाकांवरही मोठ्या संख्येनं बायकाच बसल्या. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ डिसेंबर 2021 मध्ये वसतिगृहातल्या अन्नातून विषबाधा झाली म्हणून हमरस्ता अडवून बसल्या, त्या आयफोन जोडणाऱ्या कारखान्यातल्या मुलीच होत्या. नाजूक बोटं, सोशिक स्वभाव, कमी पगार. सर्किट कसं असावं हे ठरवणारी वही मात्र दुसऱ्याच्या टेबलावर.

आता शाळेत या. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 पासून आहे. निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अशा 10,000 लॅब झाल्या, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50,000 जाहीर झाल्या. पैसा आहे, सामानही आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत ते काचेच्या कपाटात आहे, आणि किल्ली सरांकडे. पाहुणे आले की उघडतं. प्रकल्प करायचा झाला तर जोडणी मुलांनी करायची, आणि ‘मुलींचं अक्षर चांगलं’ म्हणून फाईल मुलींनी लिहायची. कारखान्यात आपले हात चालतात पण वही मिळत नाही, शाळेत वही मिळते तर हात चालत नाहीत. आणि फाईलमध्ये ती लिहिते काय? मुलांनी जोडलेलं.

आमच्या शनिवारच्या गटात म्हणून आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. प्रत्येकीची शंभर पानी वही, जाड पुठ्ठ्याची. तांब्याची पट्टी महाग पडते, म्हणून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या पट्ट्या कापून डिंकानं चिकटवल्या. एलईडी एक-दोन रुपयांना मिळतो. त्याचा लांब पाय धन टोकाकडे. पानाचा कोपरा दुमडून सेलवर दाबला की झालं बटण. नियम एकच: दिवा लागला तरी लिहायचं, नाही लागला तर जास्त लिहायचं.

आठवीतल्या एका मुलीनं लाल दिवा लावला, मग त्याच दोन पट्ट्यांवर शेजारी निळा लावला. निळा लागेना. तिनं निळा बदलला, पट्ट्या घासून पाहिल्या, सेल बदलला. मग लाल उपटला, तर निळा लख्ख! तिच्या वहीत आहे: ‘लाल असला की निळा जळत नाही. लाल गेला की जळतो. दोघं भांडतात.’ पुढच्या शनिवारी आम्ही त्यामागचं कारण शोधलं. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास लागतात. लाल पेटला की तो पट्ट्यांमधला दाब आपल्या दोन व्होल्टांवरच धरून ठेवतो, आणि निळ्याला लागेल इतका उरत नाही. पाठ्यपुस्तकातला ‘विभवांतर’ हा शब्द तिनं त्या पानावर नंतर लिहिला, स्वतःच्या वाक्याखाली. शुभेच्छापत्रात एकच दिवा असतो, त्यामुळे हे भांडण तिथे कधी होतच नाही.

बटण सेलबद्दल इथे सांगायलाच हवं. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. आमच्या निम्म्याअधिक मुली धाकटी भावंडं सांभाळतात. म्हणून घरी न्यायच्या वहीला आम्ही दोन पेन्सिल सेल आणि लाल एलईडीबरोबर शंभर ओहमचा रेझिस्टर देतो. वही जाडजूड होते, पण घरी जाते. मुलीच्या घरी काय असतं याचा विचार न करता किट आखणाऱ्यांना हे कसं सुचणार?

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, पोरींच्या लग्नाचं वय, शाळागळती, मारहाण हे प्रश्न पडले असताना दिवे कसले लावताय? मी त्या प्रश्नांतच काम करते, एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून बारा वर्षं. दहावीनंतर ‘मुलीला काय झेपणार’ हे ठरवणाऱ्या बैठकीत मुलगी गप्प असते, कारण तिच्याकडे दाखवायला काही नसतं. मार्कांचा कागद बाप वाचतो, ही वही ती वाचून दाखवते. आयटीआयचा फॉर्म भरताना शिवणकामावर आपोआप खूण का होते, हा प्रश्न तिथेच सुटायला लागतो. आणि हे अशक्य म्हणणाऱ्यांनी पाबळला जाऊन यावं. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती, गृह-आरोग्य हे सगळं मुलामुलींनी सारखंच करायचं असतं.

तेव्हा शिबिरं भरवणाऱ्यांना आपण अटी घालूया. मुलींची वेगळी खोली नको. वही मुलीच्या मालकीची हवी, सेल-एलईडीसकट. ती तपासायला गोळा करायची नाही, तिला मार्क द्यायचे नाहीत, बिघडलेली पानं फाडायची नाहीत. सजावट हवी तेवढी करू दे, मुलग्यांनाही करू दे.

आणि पुढच्या विज्ञान प्रदर्शनाला जाल तेव्हा टेबलाशेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारा, ‘यातली कुठली जोडणी तुझी?’ तिनं फाईलकडे बोट दाखवलं, तर पुढचा प्रश्न तिला नको, शेजारी उभ्या असलेल्या सरांना विचारा. सगळ्यांसमोर विचारा.