लाकडी ओंडका आणि दुसरा ब्रेक : जुन्या स्पोर्ट्स कारमधील हँडब्रेकची गोष्ट

थ्रेड 🧵

१/ जुन्या स्पोर्ट्स कारांच्या मेळाव्यात एक दृश्य पुष्कळदा दिसते. आरशासारखा रंग, रुंद टायर, चाकांच्या आऱ्यांमागे चमकणाऱ्या रेसिंग डिस्क. आणि मागच्या चाकाखाली सरकवलेला लाकडी ओंडका. गाडी थांबवणारी यंत्रणा स्पर्धेच्या तोडीची असते, पण थांबलेली गाडी जागेवर धरून ठेवणारी कोणतीच नसते. आजचा धागा त्या ओंडक्याविषयी आहे.

२/ माझे मत आरंभीच मांडतो. जुन्या गाडीत बदल करणाऱ्याने इंजिनाची ताकद वाढवण्यापूर्वी हँडब्रेकची सोय लावली पाहिजे. सुरक्षिततेचे कारण आहेच; परंतु ऐतिहासिक कारणही तितकेच भक्कम आहे. मोटारीच्या इतिहासातील एक अत्यंत जुना करार त्या दांडीत जपलेला आहे.

३/ तो करार असा : ब्रेक दोन असावेत आणि ते परस्परांपासून स्वतंत्र असावेत. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पायाचा ब्रेक गिअरबॉक्समधील पट्टा आवळत असे, तर हाताची दांडी मागच्या चाकांच्या ड्रमवर काम करी. एक निकामी झाला तरी दुसरा उरावा, हा त्यामागचा विचार. ब्रिटनमध्ये १९०४ च्या नियमांनीही दोन स्वतंत्र ब्रेकांची अट घातली होती.

४/ यातील ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. त्या काळी ब्रेकची अस्तरे जळत, सळया तुटत, सांधे निखळत. कोणत्याही एका भागावर विश्वास टाकता येत नसे. म्हणून अभियंत्यांनी भरवसा भागांवर न ठेवता रचनेवर ठेवला.

५/ १९२१ च्या ड्युझेनबर्ग मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. पुढील दशकांत ही पद्धत सर्वत्र पसरली. तेलाचा दाब चारही चाकांपर्यंत समान पोहोचतो, हा तिचा मोठा गुण. पण सारे एकाच नळीमार्गावर अवलंबून असेल, तर एक नळी फुटताच पेडल थेट तळाला जाते. हातब्रेक तारेवर आणि दांड्यांवरच ठेवला गेला, तो याच कारणाने. त्याला मागासलेपण समजणे चूक आहे. तो जाणीवपूर्वक राखलेला दुसरा मार्ग होता.

६/ आता एक ठोस उदाहरण घेऊ. १९६२ साली इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी बाहेर पडली. १९८० पर्यंत ती बनत राहिली आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. पुढे डिस्क, मागे ड्रम. आरंभीच्या गाड्यांत हायड्रॉलिक मार्ग एकच. म्हणजे ती नळी फुटली, तर चालकाच्या हाती उरणारा एकमेव ब्रेक मागच्या ड्रमपर्यंत जाणाऱ्या तारेचा.

७/ मागे ड्रम ठेवण्यात शहाणपण होते. ड्रम फिरू लागला की एक ब्रेक शू त्या फिरण्यानेच ड्रमच्या अंगावर अधिक आवळला जातो. हाताने लावलेल्या जोराला चाकच मदत करते. गाडी मागे घसरू लागली, तर तीच मदत दुसऱ्या शूकडून मिळते. उतारावर उभ्या गाडीला याहून सोयीचे काय असणार?

८/ डिस्कची प्रतिष्ठा वाढली ती शर्यतींमुळे. १९५३ साली डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची शर्यत जिंकली. डिस्क लवकर थंड होते आणि पुनःपुन्हा ब्रेक लावूनही दगा देत नाही. परंतु ती स्वतःहून आवळत नाही. सारा जोर बाहेरून द्यावा लागतो. वेगात हा जोर तेलाचा दाब देतो. उभ्या गाडीत तो कोण देणार?

९/ त्या काळच्या कारखान्यांनी हा प्रश्न टाळला नाही. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मागच्या डिस्कवर हँडब्रेकसाठी वेगळे छोटे कॅलिपर बसवले होते. १९६३ च्या पोर्शे ३५६ सी मध्ये मागच्या डिस्कच्या मध्यभागी एक छोटा ड्रमच दडवला होता. उत्तरे वेगळी, तत्त्व एकच : दुसरा मार्ग यांत्रिक आणि स्वतंत्र.

१०/ हौशी बदलांत नेमके हेच सुटते. एमजीबीचे मागचे ड्रम काढून रेसिंग कॅलिपर बसवले जातात. ते शर्यतीच्या मैदानासाठी घडवलेले असतात आणि मैदानात उतारावर गाडी लावून चहाला कोणी जात नाही. त्यामुळे त्यांना हँडब्रेकची तार जोडायला जागाच नसते. आतली दांडी मात्र तशीच राहते, केवळ शोभेपुरती.

११/ थोडा हिशोब करू. माणसांसह गाडी ११०० किलोची धरा. २० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २० मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, तिला खाली ओढणारा जोर सुमारे २१६ किलो वजनाइतका असतो. टायरची त्रिज्या ३० सेंमी, पॅड डिस्कला जिथे धरतात तिथली त्रिज्या १२ सेंमी आणि पॅडचा घर्षणांक ०.४ मानला, तर प्रत्येक मागच्या डिस्कवर सुमारे ३४० किलोचा दाब हवा.

१२/ हाताच्या दांडीवर ४० किलोच्या आसपासचा जोर ही आंतरराष्ट्रीय नियमांतील मर्यादा. म्हणजे दांडी आणि तरफा मिळून तो किमान १७ पट वाढायला हवा. तारेतील घर्षण धरले तर आणखी जास्त. त्यातच रेसिंग पॅड थंड असताना कमी पकडतात. घर्षणांक ०.३ वर आला, की प्रत्येक डिस्कवरचा आवश्यक दाब ४५० किलोवर जातो. ‘छोटा कॅलिपर लावला, झाले काम’ असे म्हणणाऱ्याने आधी एवढे गणित मांडावे.

१३/ मग पळवाटा निघतात. काहीजण रॅलीतील हायड्रॉलिक दांडी बसवतात, काहीजण तेलाचा दाब कोंडून ठेवणारा व्हॉल्व्ह. दोन्हींत दोष एकच : ते पहिल्याच मार्गावर अवलंबून आहेत. सील किंचित पाझरले किंवा तापलेले तेल थंड होऊन आकसले, की दाब उतरतो आणि तासाभराने रिकामी गाडी चालू लागते. पार्किंग ब्रेक निव्वळ यांत्रिक रीतीने अडकून राहावा, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात ते उगाच नाही.

१४/ योग्य मार्ग तीन. यांत्रिक तरफ अंगचीच असलेला कॅलिपर; ई-टाइपप्रमाणे वेगळा यांत्रिक कॅलिपर; किंवा पोर्शेप्रमाणे डिस्कमधला ड्रम. तिन्हींत दोन्ही चाकांना समान ओढ देणारा जोड हवा, तारेला तीव्र वळणे नकोत आणि पॅड व डिस्क यांच्यातील फट राखलेली हवी. जोर अनेक पटींनी वाढवला की पॅडचा प्रवास तितकाच घटतो. फट वाढली, तर दांडी शेवटच्या दात्यापर्यंत येऊनही पकड येत नाही.

१५/ चाचणीही प्रामाणिक हवी. खऱ्या उतारावर, गाडीचे तोंड एकदा वर आणि एकदा खाली करून. ब्रेक थंड असताना आणि घाट उतरून तापल्यावरही. तापलेली डिस्क व पॅड निवताना आकसतात आणि पकड सैल होते, म्हणून काही मिनिटांनी पुन्हा पाहावे. ओंडका या वेळी जरूर वापरावा. चाकापासून थोडा दूर, केवळ जामीन म्हणून.

१६/ यावर दोन आक्षेप येतात. पहिला : ‘रविवारीच तर काढतो गाडी.’ पण उताराला वार समजत नाही, आणि सुटलेल्या गाडीपुढे येणारा माणूस तिचा मालक असेलच असे नाही. दुसरा : ‘नवा कॅलिपर लावला तर गाडीचे अस्सलपण जाते.’ ज्याने ड्रम काढून रेसिंग कॅलिपर लावले, त्याच्या तोंडी हा युक्तिवाद शोभत नाही.

१७/ ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत या इतिहासाचा ठसा आजही दिसतो. हायड्रॉलिक मार्ग दुहेरी असेल, तर पार्किंग ब्रेककडून १६ टक्के कार्यक्षमता पुरते. मार्ग एकेरी असेल, तर २५ टक्के लागते. कारण एकेरी मार्गाच्या गाडीत तोच संकटकाळचा ब्रेक. मात्र २०१८ पासून, मोठे बदल न झालेल्या ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. सूट तपासणीतून आहे, जबाबदारीतून नाही. तपासनीस आता मालकच.

१८/ आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. मूळ स्वरूपाचा हा आग्रह स्वागतार्ह आहे. पण मूळ स्वरूप म्हणजे केवळ मूळ पत्रा नव्हे. त्या गाडीमागचा विचारही मूळ स्वरूपातच मोडतो.

१९/ इतिहास जपणे म्हणजे जुनी वस्तू जशीच्या तशी गोठवणे, असे मी मानत नाही. भाग बदलतात, बदलावेही. मात्र तो भाग ज्या कारणासाठी तेथे होता, ते कारण मिटलेले नसेल, तर नव्या भागाने ते पेलले पाहिजे. उतार अजून तसाच आहे, आणि रिकाम्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवणारे आजही कोणी नसते.

२०/ पुढच्या मेळाव्यात एखादी देखणी गाडी दिसली, तर इंजिनाची ताकद विचारण्याआधी मालकाला एवढेच विचारा : ‘हँडब्रेक धरतो का हो?’ उत्तर काय मिळाले, ते खाली जरूर लिहा.

#इतिहास #मराठी