प्रसूतिकक्षातील उमेदवारी

व्यापारी घराण्यात 'उमेदवारी' या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. मुलगा कितीही शिकलेला असला तरी गादीवर बसण्यापूर्वी त्याला माल पारखावा लागतो, गिऱ्हाईक ओळखावे लागते, उधारी कोणास द्यावी आणि कोणास नाकारावी याचा अंदाज यावा लागतो. हे ज्ञान अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच येते. वैद्यकशास्त्रातही हीच रीत आहे. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात तर ती विशेष कठोर आहे.

या विषयास निमित्त घडले ते एका स्नेह्यांच्या प्रश्नाचे. त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि कन्या या शाखेत एम. एस. करीत आहे. "एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, मग प्रवेशपरीक्षा, त्यावर ही तीन वर्षे. आता म्हणते, गुंतागुंतीच्या गर्भारपणाचा आणखी अभ्यास करायचा आहे. या खात्यात जमेची बाजू सुरू केव्हा होणार?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा हिशेब मांडूनच पाहू.

या तीन वर्षांत निवासी डॉक्टरचा दिवस घड्याळाप्रमाणे संपत नाही. प्रसूतिकक्षात एकाच वेळी अनेक स्त्रिया कळा देत असतात. प्रत्येकीचे गर्भाशयमुख किती सेंटीमीटर उघडले, बाळाचे डोके किती खाली आले, त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० या मर्यादेत आहेत की नाहीत, याची नोंद आलेखावर ठेवावी लागते. रेषा अपेक्षित दिशेने सरकत नसेल तर थांबायचे की शस्त्रक्रिया करायची, हा निर्णय त्या आलेखावरून आणि वरिष्ठांच्या सल्ल्याने घ्यायचा असतो. याच काळात प्रबंध लिहायचा असतो आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयात सेवा करायची असते.

खरी परीक्षा पुढेच. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही, तर धडधाकट स्त्रीचाही जीव अल्पावधीत धोक्यात येतो. अशा वेळी हात आपोआप चालावे लागतात : पोटावरून गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन देणे, रक्ताची व्यवस्था करणे, न थांबल्यास शस्त्रक्रिया. विचार करण्यास सवड नसते म्हणूनच विचार आधी शेकडो वेळा करून ठेवावा लागतो. त्या तीन वर्षांचा खर्च या एका गोष्टीसाठी होतो.

त्याची जमाही दिसते. सन २०१८-२० च्या सरकारी पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ मातांचे मृत्यू झाले. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. बँकेत आकड्यांशी आयुष्यभर संबंध आला. परंतु ज्या आकड्यातील प्रत्येक एकक म्हणजे आईविना राहिलेले एक घर, तो आकडा निराळ्याच रीतीने वाचावा लागतो.

आपल्या मुलुखाचे या शास्त्राशी नाते जुने आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी चौदाव्या वर्षी आपले दहा दिवसांचे बाळ गमावले. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो भारतीय प्रसूतिशास्त्राचाच, आणि १८८६ साली पदवी घेतली. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत, गर्भाशयमुख अशक्त असल्याने वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी टाका घालण्याची पद्धत बसवली. १९५५ साली ती प्रसिद्ध झाली आणि 'शिरोडकर टाका' म्हणून जगभर वापरली गेली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या साहाय्याने डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली ६ ऑगस्ट १९८६ रोजी प्रयोगशाळेत गर्भधारणा झालेले बाळ जन्मास आले.

आज या शाखेत अनेक वाटा आहेत : वंध्यत्वचिकित्सा, दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया, स्त्रियांचे कर्करोग, गर्भस्थ बाळाची चिकित्सा. वंध्यत्वचिकित्सेत मिळकत अधिक, म्हणून वडिलांचा कल तिकडे. मुलीस विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, रक्तदाब वाढलेली, साखर वाढलेली बाई तालुक्याहून निघते आणि आमच्याकडे पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो. मला आपल्या तालुक्यातच बसायचे आहे." मी स्नेह्यांना इतकेच सांगितले की ज्या बाजारपेठेत माल दुर्मीळ आहे तेथेच दुकान घालावे, हे आपणच मुलांना शिकवतो.

आता आपल्या बाजूचा हिशेब. डॉक्टर तयार करून भागत नाही. तिला काम करू देणारी कुटुंबेही लागतात. चांगल्या घरांतूनही शुभ घटका धरून शस्त्रक्रियेची मागणी होते. वैद्यकीय कारण नसता ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी सिझेरियन केल्यास बाळास श्वसनाचा त्रास होण्याचा संभव वाढतो, आणि गर्भाशयावरील व्रण पुढील गर्भारपणात वार चुकीच्या जागी चिकटण्याचे कारण ठरू शकतो. तसेच रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. केवळ गरिबांचा हा रोग नव्हे. सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले खाणारी सून सधन घरातही असते. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या नेमाने द्याव्यात, जेवणात लिंबू असावे आणि जेवणालगत चहा टाळावा.

गर्भलिंगाची चौकशी १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ओळखीच्या घरची डॉक्टर म्हणून तिला हा प्रश्न आडून विचारणे म्हणजे तिच्या इतक्या वर्षांच्या उमेदवारीचा अपमान करणे होय.

स्नेह्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. मात्र पुढील दोन वर्षांच्या खर्चाचा तक्ता त्यांनी माझ्याकडून मागवून घेतला आहे. व्यापारी माणूस तक्ता मागतो तेव्हा बोलणी पुढे सरकलेली असतात.