पैदाशीच्या मेंढ्याची परीक्षा बाजारांतच व्हावी

पैदाशीसाठीं मेंढा विकत घेतांना आपण त्याची उंची पाहतों, छाती पाहतों, दांत मोजतों. परंतु त्याच्या वंशांतील मेंढ्या पुढें एक कोकरूं देतील कीं दोन, हें ह्यांपैकीं कशावरूनही कळत नाहीं. आणि किंमत तर हल्लीं त्याचीच मागितली जाते.

आपली दख्खनी मेंढी एका वेतास बहुधा एकच कोकरूं देते, हें सांगावयास नको. बंगालमधील सुंदरबनांतली गरोळ मेंढी दिसावयास लहानखुरी, पण जुळीं-तिळीं देणारी. १९६८ सालीं फलटण येथें स्थापन झालेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें गरोळचा हा गुण संकराच्या साध्या मार्गानें आपल्या मेंढींत उतरविला व ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध केला. ह्या गुणाचें मूळ फेक-बी नांवाच्या जनुकांत आहे. त्या जनुकाच्या लांबलचक लिपींत केवळ एक अक्षर बदललेलें असतें. तें अक्षर कोणतें हें २००१ मध्यें कळलें, आणि रक्ताच्या थेंबावरून त्याची थेट परीक्षा करणें शक्य झालें. संस्थेच्या ह्या कामीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें साहाय्य होतें.

ज्या नराच्या अंगीं ह्या जनुकाच्या दोन प्रती आहेत, त्याचें प्रत्येक कोकरूं एक प्रत घेऊनच जन्मतें. एकच प्रत असेल तर सरासरीनें निम्म्या कोकरांस ती मिळते. एकही नसेल तर घेणाराचा पैसा बुडाला. असे तिन्ही नर शेजारीं शेजारीं उभे केले तरी जाणत्या धनगरासही फरक सांगतां येणार नाहीं, कारण मेंढा कांहीं व्यायचा नाहीं. त्याच्या मुली वाढून विण्याची वाट पाहावी तर दोन वर्षें सहज जातात. रक्त पुण्यास पाठवावें तर विकणाराचा वाडा तोंवर पुढच्या मुक्कामास गेलेला असतो.

अधिक प्रती म्हणजे अधिक लाभ, असेंही नव्हे. दोन प्रती असलेल्या मेंढीस तीन कोकरें होण्याचा संभव असतो. दुष्काळी रानांत त्यांस दूध पुरत नाहीं व अशक्त कोकरें हातचीं जातात. बागाइतांत बांधून चारा घालणारास जें परवडेल, तें रानोमाळ हिंडणाऱ्या वाड्यास परवडेलच असें नाहीं. ही निवड ज्याची त्यानें करावी, पण डोळे उघडे ठेवून.

ह्यावर उपाय आहे. जनुकसंपादनाच्या कामीं येणारें कॅस-९ हें प्रथिन जंतूंपासून मिळतें. वाटाड्या म्हणून एक लहान रेणु त्यास जोडला कीं तें ठराविक अक्षरांची ओळ हुडकून तिला चिकटतें. दिल्लीच्या आय.जी.आय.बी. ह्या सरकारी संशोधनसंस्थेंत देबज्योति चक्रवर्ती व सौविक मैती यांनीं ह्या तत्त्वावर ‘फेलुदा’ ही परीक्षा उभारली. एका अक्षराचा फरकही तीस कळतो. सिकलसेल रोगाच्या जनुकावर तो दाखविला गेला. २०२० सालीं करोनाच्या सांथींत, कागदी पट्टीवर रेघ उमटविणाऱ्या ह्या परीक्षेस सरकारी मंजुरीही मिळाली. मेंढ्याच्या रक्तांतही हुडकावयाचें तें एकच अक्षर. पट्ट्या मात्र दोन लागतील, एक मूळ अक्षराची व एक बदललेल्याची. दोहोंवर रेघ आली तर प्रत एक. जनुकद्रव्य प्रथम यंत्रांत वाढवून घ्यावें लागतें हें खरें; परंतु तेवढें यंत्र लोणंदच्या बाजारांत एका मेजावर मावेल.

‘जनुकसंपादन’ हा शब्द ऐकून कोणीं बिचकूं नये. येथें मेंढ्याचें कांहींच बदलावयाचें नाहीं. प्रथिनाचें सारें काम थेंबभर रक्तावर, नळीच्या आंत.

महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळानें फलटणची व दिल्लीची संस्था यांस एकत्र बसवून फेक-बीची अशी पट्टी करवून घ्यावी, तिचा खरेपणा प्रयोगशाळेच्या निकालाशीं ताडून पाहावा, आणि मग ती बाजारांत आणावी, अशी आमची मागणी आहे. खर्च विकणारानें व घेणारानें निम्मा निम्मा सोसावा. तोंवर आमच्या वाचकांनीं प्रयोगशाळेचा दाखला पाहिल्यावांचून ‘दोन प्रतींचा’ म्हणून कोणत्याही मेंढ्यास जादा पैसे मोजूं नयेत.