फाइलवर ‘हाय रिस्क’ लिहिले, म्हणजे नेमके काय?

तपासणी करून सून बाहेर येते. फाइलवर ‘हाय रिस्क’ असा शेरा असतो. घरी पोहोचेपर्यंत दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू झालेले असतात. कोणाच्या तरी जावेचे काय झाले होते, हेही तिच्या कानावर घातले जाते आणि वर सल्ला मिळतो, ‘तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस.’ या सल्ल्याने कोणाचे टेन्शन कमी झाल्याचे ऐकिवात नाही. गरोदर बाईला धीरापेक्षा जास्त गरज असते ती नीट माहितीची आणि घरातल्यांनी लावलेल्या व्यवस्थेची.

शेऱ्याचा अर्थ

‘हाय रिस्क’ हे भाकीत नाही. या बाळंतपणाकडे जास्त वेळा आणि जास्त बारकाईने पाहावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ. आधीचे सिझेरियन, जुळी बाळे, मधुमेह, थायरॉइड, १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब, ७ च्या खाली गेलेले हिमोग्लोबिन, वयाची पस्तिशी ओलांडलेली असणे, अशी कारणे त्यामागे असतात. २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. जोखीम आढळली तर कार्डावर लाल स्टिकर लागते. ते स्टिकर पुढच्या डॉक्टरला एका नजरेत सावध करण्यासाठी असते, घाबरवण्यासाठी नव्हे.

घोटाळा होतो तो ‘मला तर काहीच त्रास नाही’ या वाक्यापाशी. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा जाणवत नाही, वाढलेली साखरही जाणवत नाही. त्यामुळे बरे वाटते म्हणून तपासणी चुकवणे सर्वांत महागात पडते. डॉक्टरांनी सांगितले असेल तर रक्तदाबाचे यंत्र घरी ठेवावे, पाच मिनिटे शांत बसून मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. १६०/११० दिसला तर उद्याची वाट पाहायची नसते. गोळ्यांचेही तसेच. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर शरीराला लोह कमी मिळते. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी चालते.

‘पलंगावरून उतरू नकोस’

जोखीम म्हटली की घरोघरी पहिला हुकूम सुटतो तो झोपून राहण्याचा. काही ठरावीक परिस्थितीत डॉक्टर हालचालींवर बंधने घालतात आणि ती पाळलीच पाहिजेत. पण सरसकट झोपून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असा पुरावा नाही. उलट पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायूंची ताकद जाते. दिवसभर छताकडे पाहत पडलेल्या बाईचे मन कुठे जाते, ते वेगळे सांगायला नको. हातात मोबाइल असेल तर आणखीच. एका आजाराचे नाव शोधले की पुढचे दहा व्हिडिओ त्याहून भीतिदायक.

त्यापेक्षा डॉक्टरांना नेमके विचारावे. रोज किती चालायचे? जिने चढायचे का? दुचाकीवर बसायचे का? नोकरी कधीपर्यंत? शरीरसंबंध चालतील का? हा शेवटचा प्रश्न संकोचाने राहून जातो, तो नवऱ्याने विचारावा. उत्तरे फाइलवर लिहून घ्यावीत म्हणजे घरात रोज नवा कायदा होत नाही.

माहेरी कधी जायचे?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत चांगलीच आहे. आईच्या हाताखाली लेकीला विसावा मिळतो. पण जोखमीच्या गरोदरपणात सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलणे म्हणजे नेमक्या नाजूक वेळी डॉक्टर बदलणे. रक्तदाबाचे दुखणे बहुधा याच काळात डोके वर काढते. माहेरी तालुक्याच्या ठिकाणी रक्तपेढी आहे का, रात्री भूलतज्ज्ञ मिळतात का, कमी दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता कक्ष किती दूर आहे, हे डोहाळजेवणाचा मुहूर्त काढण्याआधी विचारायला हवे. उत्तरे समाधानकारक नसतील तर आईनेच लेकीकडे येऊन राहावे. यात कोणाचा मानपान दुखावण्याचे कारण नाही. आणि जायचेच ठरले तर सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत, पोहोचल्याच्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवावे आणि गावच्या आशाताईंनाही कळवावे.

भीती वाटणारच. ती दडपू नये. मात्र झोप उडाली, जेवण नकोसे झाले, रडू आवरेनासे झाले आणि हे दोन आठवडे टिकले तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे लक्षण आहे. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शेवटची तयारी कागदाची. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, झटका येणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले की लगेच दवाखाना गाठायचा. ही यादी ओट्याजवळच्या भिंतीवर लावावी. त्याखाली डॉक्टरांचा नंबर, १०८, ओळखीच्या गाडीवाल्याचा नंबर आणि तिचा रक्तगट लिहावा. रात्री दोन वाजता फाइल कुठे आहे, हे नवऱ्यालाही माहीत असावे.