डब्यातला पाहुणा

पेडणे तालुक्यातील पार्से या गावी आमच्या धाकट्या बहिणीचे घर आहे. पावसाचा पहिला जोर ओसरला की तिकडे एक फेरी करावयाची, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. यंदाच्या आषाढात गेलो, तो पायरीवर पाय ठेवताक्षणीच भाच्याने आमचा हात धरून आम्हांस थेट मागच्या पडवीत नेले. तेथे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली. आत ओल्या मातीवर वीतभर लांबीचे नानेटीचे पिल्लू वेटोळे घालून बसले होते.

नानेटी म्हणजे पाठीवर दोन पिवळसर पट्टे असलेला, पावसाळ्यात गवतातून दिसणारा गरीब, बिनविषारी साप. तेव्हा भयाचे कारण नव्हते. पण घरात भांडण मात्र जुंपले होते. आई म्हणे, “साप घरात नको.” आजी म्हणे, “मुक्या जिवाला कोंडू नये.” आणि भाच्याची चिंता तिसरीच होती. “मामा, ती कायच खायना!” तो रडवेल्या स्वराने म्हणाला. चार दिवस झाले होते.

त्याने उपचारात कसूर केली नव्हती. परसातल्या गांडूळखताच्या टाकीतून तो रोज तांबडी, वळवळणारी गांडुळे आणून टाकीत असे. नानेटीचे मुख्य अन्न लहान बेडूक. पण प्रसंगी ती गांडूळही खाते, हे त्याने कुठूनसे वाचले होते. मग ही का खात नव्हती?

वाचकहो, गांडूळ हे सगळे एकच, अशी आपली समजूत असते. खताच्या टाकीत बहुधा ‘आयसेनिया फेटिडा’ ही मूळची युरोपातील जात असते. ‘फेटिडा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच दुर्गंधी. तिला डिवचले की अंगातून पिवळसर, उग्र वासाचा द्रव पाझरतो. त्यातील लायसेनिन नावाचे प्रथिन पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पेशींना अपाय करते. अमेरिकेत गार्टर नावाचे साप काहीजण घरी पाळतात व त्यांना मोठी मातीतली गांडुळे चारतात. तेथील जाणकारही या तांबड्या गांडुळापासून सावध राहावयास सांगतात. शिवाय नव्याने पकडलेला साप भेदरून अन्न टाकतो, ते वेगळेच.

आम्ही केळीच्या बुंध्याशी थोडे खणले. तेथे आपले गावठी गांडूळ मिळाले. त्यास कोकणात काडू म्हणतात, अन्यत्र कोणी दानवे म्हणतो, कोणी शिदोड. दोन काडू स्वच्छ पाण्यात खळबळून डब्यात सोडले. सकाळी पाहतो, तो एकच उरला होता! भाचा आनंदाने नाचू लागला. “मग आता ठेवू ना, मामा?”

खरे सांगावयाचे तर आमची पंचाईत येथेच झाली. ती उपाशी होती तोवर ‘सोडून दे’ म्हणणे सोपे होते. आता मुलाने तिला जेवू घातले होते. आणि ज्याला आपण जेवू घातले, त्याला दार उघडून देणे थोरांनाही जड जाते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडील साप पकडून घरी बाळगता येत नाहीत, हे त्यास सांगितले. परंतु मुलाला कायदा पटावयास हवा, नुसता कळून भागत नाही. म्हणून आम्ही त्यास घाटातल्या खापरखवल्याची गोष्ट सांगितली. हे सर्प दक्षिण भारत व श्रीलंका यांखेरीज जगात कोठे नाहीत. जमिनीखाली राहतात आणि बहुतांशी गांडुळांवरच जगतात. या कुळातील एका काळ्या जातीला २०१६ साली पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव देण्यात आले. त्याच मातीत देवगांडूळ असते. ते ना साप, ना गांडूळ, तर बिनपायांचा उभयचर, आणि तेही गांडुळे खाते. जेथे माती ओली आणि जिवंत, तेथे गांडूळ. जेथे गांडूळ, तेथे हे सारे. “तू तिला काडू आणून देशील,” आम्ही म्हटले, “पण ऊन, बीळ, तळ्याचा काठ कोठून आणशील?”

तो बराच वेळ गप्प होता. मग स्वतःच डबा उचलून कुळागराच्या कडेला गेला. आम्ही मागे उभे राहिलो. नानेटी गवतात शिरली, तिने वळूनही पाहिले नाही. त्याचे डोळे भरून आले. आजीने काही न बोलता त्याला जवळ घेतले.

पाळावयाचेच असेल तर गांडूळ पाळावे. चार्ल्स डार्विनने उतारवयात घरी मातीच्या कुंड्यांत गांडुळे ठेवली होती. त्यांना तो कोबी, गाजराची पाने, कांदा असे घालून कोणाची आवड काय, ते टिपून ठेवी. पियानोचे सूर त्यांना ऐकू येत नाहीत; पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजविला, की ती कंपनाने बिळात पळतात, हे त्याने पाहिले. यावरचा त्याचा ग्रंथ १८८१ साली निघाला, आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

बडोद्याच्या वा इंदूरच्या सज्जातही हे जमेल. तळाला भोके असलेली लाकडी पेटी सावलीत ठेवावी. खाली नारळाच्या शेंड्या, वर कुजलेला पाचोळा व जुने शेण घालावे. ताजे शेण तापते. भाजीची देठे, केळीची साल बारीक करून थोडी थोडी द्यावी. मीठ, तेल, तिखट व लिंबाची साल वर्ज्य. गांडूळ कातडीने श्वास घेते, म्हणून ओल हवी. पण पाणी साचू देऊ नये. मुंग्यांसाठी पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

निघण्यापूर्वी भाच्याने तो पत्र्याचा डबा रिकामा केला आणि उरलेला काडू केळीच्या बुंध्याशी, जेथून खणून काढला होता तेथेच, मातीत सोडला. वर ओंजळभर पाचोळाही घातला.