भाजल्यावर आधी पाणी

जालना एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याच्या सळ्या होतात. लोखंडाचा रस सोळाशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. शिंतोडा उडाला, की अनेकांची पहिली धाव टूथपेस्टकडे, नाहीतर हळदीकडे.

हे थांबायलाच हवं. भाजलेली जागा 20 मिनिटं साध्या, वाहत्या पाण्याखाली धरावी. बर्फ नको. सूज चढण्याआधी अंगठी, घड्याळ काढावं. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. जालन्याला पाण्याची किंमत सांगायला नको, पण इथे काटकसर करू नये. भाजणं मोठं असेल, तर रुग्णवाहिकेसाठी लगेच 108 ला फोन.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेतल्या कामगाराला कामावर भाजल्यास सक्तीच्या विश्रांतीत पगाराच्या 90 टक्के भत्ता मिळतो. अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. त्यांची नावं नोंदवलीत का, हे घरच्यांनी आजच पाहावं.